साडेसात इंचांची साडेसाती: शिंगं मोजून घ्यायला पैसे कसले?

मी विस्कॉन्सिनमध्ये राहते. इथे नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीचे नऊ दिवस सुरू झाले की ऑफिस रिकामं होतं, गणपतीला मुंबईतली ऑफिसं रिकामी होतात ना, अगदी तसं. बहुतेक जण परत येऊन फोनवर फोटो दाखवतात आणि विषय संपतो. पण शेजारच्या डेस्कवरचा एक जण फेब्रुवारीत पुन्हा फोटो घेऊन आला. हरीण नव्हतं त्यात, त्याच्या शिंगांच्या मापांचा फॉर्म होता आकड्यांनी भरलेला, आणि हा तोंड पाडून म्हणतो, ग्रॉस एकशे पंचाहत्तर आणि सात अष्टमांश, नेट एकशे अडुसष्ट आणि तीन अष्टमांश, साडेसात इंच गेले. मी त्याला म्हटलं आमच्याकडे याला साडेसाती म्हणतात, पण ते समजावण्यात अर्धा तास गेला आणि त्याचं दुःख तिथंच राहिलं.

रात्री आईला फोनवर सांगितलं की इथे शिकारी शिंगं मोजून घेतात आणि तो आकडा नोंदवायला फी भरतात, तर ती म्हणाली, "मेलेल्या हरणाला मार्क देतात? आणि त्याचे पैसे घेतात?" प्रश्न बरोबर होता आणि मला धड उत्तर देता आलं नाही, मग महिनाभर त्या माणसाचं डोकं खाल्लं, वाचलं, आणि आता जे कळलंय ते लिहून काढते. शिकार चांगली की वाईट हा वाद इथे घालत नाहीये. मला फक्त ती फी कशाची हे समजून घ्यायचं होतं.

आधी एक बेसिक गोष्ट. आपण मराठीत सगळ्यालाच शिंग म्हणतो पण त्यात दोन प्रकार असतात. सांबर, चितळ किंवा इथलं व्हाइटटेल हरीण यांची शिंगं हाडाची, फांद्या फुटलेली, दरवर्षी गळतात आणि नवीन येतात. गवा, काळवीट, रानमेंढा यांची शिंगं वरून नखाच्या जातीची, आत हाड, आणि आयुष्यभर तीच. त्यामुळे मोजायच्या पद्धतीही वेगळ्या. मेंढ्याच्या शिंगाची लांबी आणि चार ठिकाणचा घेर घेतला की झालं. अस्वल आणि प्यूमा यांना शिंगंच नाहीत, म्हणून त्यांच्या कवटीची लांबी अधिक रुंदी. खरा घोळ हरणाच्या शिंगांत.

अमेरिकेत यातलं सगळ्यात मानाचं नाव म्हणजे बून अँड क्रॉकेट क्लब, १८८७ साली थिओडोर रूझवेल्टनं मित्रांना जमवून काढलेला, तेव्हा तो राष्ट्राध्यक्ष वगैरे व्हायचा होता. मोजणीचा आजचा फॉर्म्युला १९५० चा. पाव इंच रुंदीची स्टीलची टेप लागते आणि माप इंचाच्या आठव्या भागापर्यंत घेतात. हे वाचल्यावर मला आमच्या गावचे सुतारकाका आठवले, कारण इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, ते "दोन इंच पाच सूत" असंच बोलायचे. म्हणजे माझ्या सहकाऱ्याच्या हरणाचं माप झालं १६८ इंच ३ सूत. आता पुढे सूतच म्हणते, अष्टमांश म्हणायला तोंड वाकडं करावं लागतं.

तर काय काय मोजतात? दोन्ही बाजूंच्या मुख्य फांद्यांची लांबी, त्यांच्यावरच्या प्रत्येक टोकाची लांबी (टोक निदान एक इंच लांब हवं आणि रुंदीपेक्षा लांबी जास्त हवी, नाहीतर ते टोक नाहीच), प्रत्येक फांदीचा चार ठिकाणी घेर, आणि दोन फांद्यांच्या मधलं आतलं अंतर. सगळ्याची बेरीज म्हणजे ढोबळमानानं ग्रॉस. इथपर्यंत शाळेतलं गणित.

मग वजाबाकी सुरू होते. क्लबच्या मते आदर्श शिंगं म्हणजे आरशात बघितल्यासारखी, डावं उजवं सारखं. जितका फरक तितकी कात्री, उरतं ते नेट. त्याच्या हरणाचा हिशोब त्यानं मला कागदावर करून दाखवला. उजवीकडचं चौथं टोक ५ इंच, डावीकडचं अडीच, म्हणून अडीच इंच गेले. मुख्य फांद्यांच्या लांबीत एक इंचाचा फरक, तो गेला. घेर आणि इतर टोकांत मिळून सहा सूत. आणि डाव्या फांदीच्या बुडाशी एक आगाऊ टोक होतं, जिथे टोक असायला नको तिथे उगवलेलं, ३ इंच २ सूत. ते बेरजेत धरत नाहीतच, वर वजा करतात! एकूण साडेसात. म्हणजे ते टोक आलंच नसतं तर स्कोअर वाढला असता. (कापून टाकलं तर? तर ती फसवणूक, आणि प्रवेशिका बाद.)

मग मी विचारलं की असल्या वेड्यावाकड्या शिंगांना वेगळा वर्ग नाही का. आहे. त्याला नॉन-टिपिकल म्हणतात आणि तिथे आगाऊ टोकं वजा न करता मिळवतात. त्यानं तेही करून बघितलं होतं बिचाऱ्यानं: १७४ इंच ७ सूत. पण नॉन-टिपिकलमध्ये व्हाइटटेलला क्लबच्या पुस्तकात यायला किमान १८५ लागतात, कायमच्या यादीत यायला १९५. नेहमीच्या, म्हणजे टिपिकल वर्गात किमान १६० आणि कायमच्या यादीसाठी १७०. म्हणजे त्याचं १६८ वालं हरीण तीन वर्षांतून एकदा निघणाऱ्या पुस्तकात येणार, पण कायमच्या यादीच्या दारातून १ इंच ५ सुतांसाठी परत. दहावीला ८९.८ टक्के पडलेल्या पोराच्या घरी जे वातावरण असतं ना, तेच.

या वजाबाकीवर तिकडे लोक भयंकर भांडतात. इंग्रजीत नेट म्हणजे जाळंही, म्हणून ग्रॉसवाल्यांचा टोमणा असा की नेट मासे पकडायला वापरा, हरणानं जेवढं हाड वाढवलं तेवढं सगळं मोजा. बकमास्टर्स नावाच्या संस्थेनं तर वेगळीच पद्धत काढली, त्यांच्या अधिकृत स्कोअरमध्ये वजाबाकी नाही आणि दोन फांद्यांमधलं अंतरही धरत नाहीत, कारण ती नुसती हवा आहे, हवेला कसले मार्क. मला विचाराल तर हवेचा मुद्दा पटतो. पण सारखेपणाचा हट्टही अगदीच येड्यासारखा नाही, १९५० मध्ये ज्यांनी नियम केले त्यांना त्या प्रजातीचा नेहमीचा, निरोगी नमुना कसा दिसतो ते नोंदवायचं होतं.

आता फी. इथे माझा मोठा गैरसमज होता. मला वाटायचं टेप लावणारा माणूस पैसे घेत असणार. तर नाही. क्लबचा अधिकृत मोजणारा हा स्वयंसेवक असतो, क्लबकडून ट्रेनिंग घेतलेला, आणि मोजायचे पैसे घ्यायला त्याला परवानगीच नाही. तुम्ही त्याच्या सवडीनं त्याच्या घरी जायचं, तो किचन टेबलवर शिंगं मांडून तासभर मोजणार, फॉर्म भरून सही करणार, फुकट. पण लगेच नाही. शिकारीनंतर शिंगं किमान ६० दिवस साध्या खोलीच्या हवेत वाळू द्यावी लागतात, कारण ओलं हाड वाळताना आकसतं. शिकारीच्या दिवशी कुणी मोजलं तर तो कच्चा स्कोअर, त्याला ग्रीन स्कोअर म्हणतात, गप्पा मारायला ठीक. म्हणून आमचा माणूस नोव्हेंबरचं दुःख फेब्रुवारीत घेऊन आला.

पैसे लागतात पुढच्या पायरीला. तो सही केलेला फॉर्म, समोरून आणि दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो, लायसन्सची कॉपी, शिकार नियमानं केली असं शपथपत्र, आणि सोबत नोंदणी फी, असं सगळं क्लबच्या ऑफिसला पाठवायचं, माँटाना राज्यात मिझूला नावाचं शहर आहे तिथे. फी फार नाही, काही डझन डॉलर, बंदुकीच्या गोळ्या आणि जीपच्या पेट्रोलपुढे किरकोळ. त्या पैशांत तिथे कुणीतरी फॉर्म तपासतं, बेरीज परत करतं, शंका आली तर फोन करतं, नाव पुस्तकात घालतं, सर्टिफिकेट पाठवतं. आपल्या भाषेत, जमीन तुमचीच असते, मोजणी झालेली असते, पण सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे जावं लागतं ना, तसं आहे ते.

शपथपत्राचा भाग मला जास्त इंटरेस्टिंग वाटला. कुंपण घातलेल्या, प्राणी बाहेर जाऊ शकणार नाही अशा जागेत मारलेलं जनावर क्लबला चालत नाही, शिंगं कितीही मोठी असोत. याला ते फेअर चेस म्हणतात, जनावराला निसटायची खरी संधी हवी. १९०२ मध्ये मिसिसिपीत रूझवेल्टसाठी लोकांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवलं आणि म्हणाले मारा, तर त्यानं नकार दिला, त्यावरून व्यंगचित्र आलं, त्यावरून टेडी बेअर आला, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. क्लबचा नियम त्याच डोक्यातून आलाय.

आणि मुळात हे मोजायचं खूळ आलं कुठून तर भीतीतून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतले बायसन कोट्यवधींवरून जेमतेम हजारभरावर आले होते. इतर मोठ्या प्राण्यांचंही तेच होणार असं या लोकांना वाटत होतं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाचा प्रमुख विल्यम हॉर्नडे यानं डोकी आणि शिंगं जमवून १९२२ मध्ये एक संग्रहच उघडला, नामशेष होत चाललेल्या मोठ्या प्राण्यांच्या स्मरणार्थ. म्हणजे श्रद्धांजलीची तयारी आधीच करून ठेवलेली. १९३२ मध्ये क्लबचं पहिलं रेकॉर्ड पुस्तक आलं तेही त्याच हेतूनं, निदान किती मोठे होते ते लिहून तरी ठेवू. पुढे हरणं संपली नाहीत, उलट व्हाइटटेल इतके वाढले की माझ्या घरामागे येऊन ट्युलिप खातात, पण पुस्तक राहिलं आणि त्याची चढाओढ झाली.

या जुन्या हेतूची एक खूण अजून शिल्लक आहे. स्कोअर शिकाऱ्याला नसतो, जनावराला असतो. त्यामुळे जंगलात मेलेलं सापडलं तरी चालतं. नॉन-टिपिकल व्हाइटटेलचा जागतिक विक्रम ३३३ इंच ७ सूत, ते हरीण १९८१ मध्ये मिसुरी राज्यात सेंट लुईसजवळ मेलेलं सापडलं होतं, कुणी मारलंच नव्हतं. रानमेंढ्याचाही तसाच, माँटानातल्या एका तळ्यातल्या वाइल्ड हॉर्स बेटावर २०१६ मध्ये मेलेला मेंढा मिळाला, २१६ इंच ३ सूत. दोन्हीकडे बंदुकीला काही कामच नव्हतं. हे आईला सांगितल्यावर ती जरा मऊ पडली.

आणि एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण तो आमच्याच राज्यातला आहे. १९१४ साली डॅनबरीजवळ जेम्स जॉर्डन नावाच्या तरुणानं एक प्रचंड हरीण मारलं. भुसा भरून डोकं तयार करणाऱ्याकडे दिलं, तो गाव सोडून गेला आणि डोकंही गेलं. चाळीसेक वर्षांनी मिनेसोटात जुन्या सामानाच्या विक्रीत ते तीन डॉलरला विकलं गेलं, मग कुणीतरी रीतसर मोजलं तर २०६ इंच १ सूत, टिपिकलचा जागतिक विक्रम! पुस्तकात लागलं, पण शिकारी अज्ञात म्हणून. जॉर्डन तोवर म्हातारा झालेला, सांगत राहिला की ते माझं आहे. क्लबनं १९७८ च्या डिसेंबरात मान्य केलं आणि तो ऑक्टोबरात वारला होता. हा विक्रम पुढे १९९३ मध्ये कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात बिगर गावाजवळ मिळालेल्या हरणानं मोडला, २१३ इंच ५ सूत, आणि तो आजही उभा आहे.

उलटा किस्साही आहे. १९९८ मध्ये मिशिगनमधल्या एकानं २१६ इंच ५ सुतांचं हरीण मारल्याचं सांगितलं, म्हणजे विक्रमापेक्षा मोठं, तिथल्या राज्य पातळीवरच्या लोकांनी मोजलंही. पण विक्रम मानायचा तर क्लबच्या खास पंचांसमोर शिंगं नेऊन पुन्हा मोजून घ्यावी लागतात, आणि ती त्यानं कधीच नेली नाहीत. खरी की खोटी यावर लोक आजही भांडतात, आणि पुस्तकात १९९३ चंच नाव आहे. किचन टेबलवरचा आकडा आणि पुस्तकातला आकडा यातला फरक मला इथे कळला. कवटी मधोमध चिरलेली असेल तरीसुद्धा क्लब घेत नाही, कारण मग मधलं अंतर हवं तेवढं वाढवून जोडता येतं. पूर्वी कुणीतरी केलं असणारच, त्याशिवाय असे नियम होत नाहीत.

सगळेच इतके सोवळे नाहीत. सफारी क्लब इंटरनॅशनल ही दुसरी मोठी संस्था, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, ती जगभरचे प्राणी घेते, कुंपणातलेही वेगळ्या वर्गात घेते, डावंउजवं वजा करत नाही. तिथे नोंदणीला फी, मेडलला फी, आणि अमुक इतक्या प्रजाती पूर्ण केल्या की अमुक पुरस्कार अशी चढत जाणारी शिडी. प्राणीप्रेमी संघटनांचा खरा राग या शिडीवर आहे, की यातून लोक नुसती यादी पूर्ण करायला जनावरं मारतात. मला तो राग रास्त वाटतो. २०१५ मध्ये झिम्बाब्वेत सेसिल सिंह मारला गेला तेव्हा जगभर बोंब झाली होती ना, त्याला मारणाऱ्या अमेरिकन दंतवैद्याचं आणि त्याच्या गाईडचं सदस्यत्व याच संस्थेनं तेव्हा स्थगित केलं.

युरोपात गेलं तर खेळ पूर्ण बदलतो. हंगेरीत शिकार झाली की शिंगं ठरावीक मुदतीत सरकारी समितीपुढे न्यावीच लागतात, हौस असो नसो, आणि त्याची फी भरावीच लागते. तिथला फॉर्म्युला नाडलर नावाच्या हंगेरियन माणसाचा. लाल हरणाला १७० गुणांना ब्राँझ, १९० ला रौप्य, २१० ला सुवर्ण. यात लांबी, घेर, टोकांची संख्या तर आहेच, पण शिंगांचं वजनही आहे, किलोच्या दुप्पट गुण. आणि चक्क सौंदर्याचे गुण आहेत, रंग कसा आहे, पृष्ठभाग खडबडीत मण्यांसारखा आहे का, वरचा मुकुट कसा फुटलाय. कांदेपोहेच म्हणायचे. छोट्या रो हरणाचं तर आणखी भारी, त्याच्या शिंगांचं हवेत वजन करतात, मग पाण्यात बुडवून करतात आणि त्यावरून घनफळ काढतात, आर्किमिडीज थेट.

पण तिथे वजनाला इतकं महत्त्व का, तर बाहेरून आलेल्या शिकाऱ्याचं बिल वजनावर ठरतं. दरपत्रकच असतं, इतक्या किलोपर्यंत इतके युरो, त्याच्या वर दर दहा ग्रॅमला इतके. सोनाराच्या दुकानासारखं. अमेरिकेतला माणूस माप वाढावं म्हणून देव पाण्यात घालतो, हंगेरीत गेलेल्याच्या पोटात काटा वर चढला की गोळा येत असणार. मोजणी तीच, पण एका ठिकाणी मान आहे आणि दुसऱ्या ठिकाणी कॅश मेमो.

आपल्याकडेही हे वेड होतं. लंडनच्या रोलंड वॉर्ड या भुसा भरणाऱ्यानं १८९२ मध्ये जगभरच्या जनावरांच्या मापांचं पुस्तक काढलं, त्यात हिंदुस्थानातले गवे, बारशिंगे, काळवीट, वाघ सगळे, साहेब आणि संस्थानिक मापं पाठवायचे. वाघाचा वाद वेगळाच होता: मेलेला वाघ सरळ ताणून नाकापाशी एक खुंटी आणि शेपटीच्या टोकाला एक खुंटी ठोकून मधलं अंतर घ्यायचं, की पाठीच्या वळणावरून टेप फिरवायची. दुसऱ्या पद्धतीत वाघ बसल्या जागी काही इंच वाढतो. कॉर्बेटचा पोवळगढचा प्रसिद्ध वाघ १० फूट ७ इंच, तो वळणावरून मोजलेला. आणि व्हाइसरॉय शिकारीला आला की अकरा इंचांचा एक फूट असलेली खास टेप काढायचे अशी दंतकथा सांगतात. खरं खोटं सोडा, पण ही टेप आपल्याकडे अजून कुठे कुठे वापरात आहे असा मला दाट संशय आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते सगळं बंद झालं. आता भारतात शिंगं घरात असतील तर स्कोअर कुणी विचारत नाही, मालकीचं प्रमाणपत्र विचारतात. ज्यांनी जाहीर केलं नव्हतं त्यांना २००३ मध्ये सरकारनं सहा महिन्यांची शेवटची मुदत दिली होती. प्रमाणपत्र असलं तरी सांबराचं शिंग विकता येत नाही, वारशानं पुढे जाऊ शकतं, तेही कळवून.

हे सगळं आईला सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, आपल्या आजोळी माजघराच्या दारावर सांबराची शिंगं होती आठवतंय का, बाबा त्यावर छत्री आणि टोपी अडकवायचे. मला आठवत होती. मी विचारलं त्याचा कागद होता का. तर म्हणाली कागद कसला, आता मामालाच विचारते, आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मामाचा मेसेज: शिंगं माळ्यावर आहेत, कागद सापडत नाही, उद्या वनखात्यातल्या ओळखीच्या माणसाला विचारतो, तोवर तू कुठे फोटो टाकू नकोस.